ऑनलाइन विद्यापीठ आधी कुणासाठी?

“आजची पोरं हातात मोबाईल घेऊनच जन्माला आलीत, त्यांना ऑनलाइन शिकवायला अडचण ती काय?” महाविद्यालयांच्या बैठकांत हे वाक्य आता इतकं रुळलंय की त्याला कुणी पुरावा मागत नाही. मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, एका तालुक्याच्या गावी बी. एस्सी.च्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. ऑनलाइन शिक्षणाला माझा विरोध नाही. उलट विद्यापीठानं ते स्वीकारायलाच हवं आणि त्यात आणखी वेळ घालवू नये, असंच माझं मत आहे. पण ज्या विद्यार्थ्यासाठी म्हणून आपण ते आणायला निघालोय, तो विद्यार्थीच चुकीचा निवडलाय. रोज एसटीनं कॉलेजात येणाऱ्या मुलामुलींची लेक्चर मोबाईलवर न्यायची घाई चाललीय. आणि परिस्थितीमुळं ज्यांना कॉलेजची पायरी चढताच आली नाही, किंवा चढून मधेच उतरावी लागली, त्यांचं नाव या चर्चेत निघतच नाही.

नियमांच्या बाजूनं वाट केव्हाच मोकळी झालीय. ‘स्वयम’ या सरकारी व्यासपीठावरच्या ऑनलाइन कोर्सेसचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, पदवीत धरायला यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१६ मध्ये २० टक्क्यांपर्यंत परवानगी दिली होती. २०२१ मध्ये ती मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. २०२० च्या नियमावलीनं संपूर्ण ऑनलाइन पदवीला नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचं स्थान दिलं. त्याच वर्षी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातलं नोंदणीचं प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट ठरलं. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायलाही मुभा आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या पदराखाली कोल्हापूर, सांगली आणि सातारा असे तीन जिल्हे येतात. साताऱ्यात आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही उभं राहिलंय. या दोन विद्यापीठांनी मनावर घेतलं तर पुढच्या काही वर्षांत इथल्या शिक्षणाची घडी बदलू शकते. म्हणूनच कुणासाठी आणि कशी, हे आत्ताच बोलून घ्यायला हवं.

मोबाईलचं आधी बोलू. माझ्या वर्गातली मुलं डोळ्यांदेखत रील कापून जोडून तयार करतात, बेदाण्याचा सौद्यातला दर बापाच्या आधी त्यांना कळतो, पैसे पाठवणं तर हातचा मळ. पण त्याच मुलांना पीडीएफमधला तक्ता वाचून त्यातली रीडिंग वहीत मांडायला सांगितलं की गाडी अडते. एक्सेलमध्ये आलेख काढायचा म्हटलं तर वर्गातली दोन-चार मुलंच पुढं येतात, कारण बाकीच्यांच्या घरात कॉम्प्युटर कधी आलाच नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम ४.४ टक्के घरांत संगणक असल्याचं दिसलं होतं. त्यानंतर मोबाईल घरोघरी गेला. संगणक तसा पोचलेला निदान आमच्या भागात तरी दिसत नाही. पाच-सहा इंचांच्या पडद्यावर सेंद्रिय रसायनशास्त्रातली एक लांबलचक अभिक्रिया समजून घेणं म्हणजे काय, हे एकदा स्वतः करून बघावं. मूल पडदा वर-खाली सरकवत राहतं आणि बाण कुठून कुठं गेला हे हरवून जातं.

शिवाय मोबाईल चालवता येणं आणि एकट्यानं बसून अभ्यास करता येणं या दोन वेगवेगळ्या सवयी आहेत. जगभरातल्या खुल्या ऑनलाइन कोर्सेसचा अनुभव असा की नोंदणी करणाऱ्यांपैकी कोर्स पुरा करणारे साधारणपणे दहा टक्क्यांच्या आतच राहतात, आणि त्यातही आधीच पदवी असलेली, अभ्यासाची शिस्त अंगी मुरलेली माणसं जास्त असतात. याच सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. २०२२ पासून तिथं रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो. तो वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद होतात, साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलं वाचत-लिहीत बसतात. मुलाला अभ्यासाला बसवायचं तर आधी मोबाईल बाजूला ठेवावा लागतो आणि तेही सगळ्या गावानं मिळून, हे त्या गावानं ओळखलं. ऑनलाइन शिक्षणाची योजना आखणाऱ्यांनी एक संध्याकाळ तिथं जाऊन बसावं. ठरलेली वेळ आणि बरोबर बसणारी माणसं असली तर हेच मूल पडद्यावरूनही शिकेल. त्या दोन्ही गोष्टी नसतील तर महागातल्या महाग सॉफ्टवेअरचाही उपयोग नाही.

करोनाच्या काळात आम्ही सगळे या परीक्षेतून गेलोच आहोत. मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले, तेव्हा आम्ही शिक्षकांनी जमेल तसं शिकवलं. त्या वेळी दुसरा इलाजच नव्हता, आणि ज्यांनी घरात फळा टांगून, मुलाच्या हातात मोबाईल धरायला देऊन तास घेतले त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यातून काय निघालं हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ऑक्टोबर २०२० मधल्या अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी झाल्या. नंतरही बराच काळ मुलं गोल रंगवत किंवा टिचकी मारत राहिली. २०२२ च्या उन्हाळ्यात कागद-पेनाच्या परीक्षा परतल्या तेव्हा हुशार म्हणून माहीत असलेल्या मुलांच्या उत्तरपत्रिका मी तपासल्या. अर्ध्या पानाच्या पुढं हात चालत नव्हता. येत सगळं होतं, सलग चार वाक्यांत मांडता येत नव्हतं. पुढं नोकरीच्या मुलाखतींत या मुलांना ‘कोविड बॅच’ म्हणून ऐकून घ्यावं लागलं, ते वेगळंच.

आणि वीज. शहरातल्या माणसाला हा प्रश्न आता जुना वाटतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची कितीतरी घरं गावठाणात नाहीत, मळ्यात आहेत. शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज दिवसातले आठ तास, तीही एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. बाकीच्या वेळी सिंगल फेजचा काय तो आधार, आणि त्याचाही भरवसा नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात घरातला थोरला मुलगा रात्रभर पाणी पाजतो, सकाळी त्यानंच लेक्चर ऐकावं अशी आपली अपेक्षा. तिकडं पाटण आणि जावळीच्या डोंगरात, कोयनेच्या जलाशयापलीकडच्या वाड्यांत तर रेंज मिळवायला टेकाड चढावं लागतं. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर कोसळले. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णा-वारणेच्या काठची गावं पाण्यात गेली. संकटात शिक्षण थांबू नये म्हणून ऑनलाइन, असं म्हणणं सोपं आहे. पण पुरात आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी उतरते. त्या दिवसांत मूल जगवणं हाच अभ्यास असतो.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती मुलींची. आमच्याकडं येणाऱ्या मुली दहा-पंधरा, कधी पंचवीस किलोमीटरवरून एसटीनं येतात. पासात दोन तृतीयांश सवलत आहे, मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे. या दोन गोष्टींनी जेवढ्या मुली कॉलेजात आणल्या तेवढ्या कुठल्याही जाहिरातीनं आणल्या नसतील. २०२१ च्या ऑक्टोबरात कॉलेजं पुन्हा उघडली आणि लगोलग एसटीचा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या महिन्यांत वर्गातल्या मुलींच्या बाकांकडं बघवत नव्हतं. मुलांना कुणाची तरी मोटरसायकल मिळायची. मुलींना कोण देणार? त्याच काळात एका मुलीच्या वडिलांना फोन केला होता. ते म्हणाले, “मॅडम, मोबाईलवर हुतंय न्हवं समदं? मग कशापायी रोज एवढ्या लांब धाडायचं? घरचं काम बी हुतंय आन् शाळा बी.” माणूस वाईट नव्हता. मुलीला शिकवायचंच आहे असं म्हणत होता. पण त्या वाक्यातच तिचं कॉलेज संपलं होतं. पुढच्या चैत्रात तिचं लग्न झालं.

हे मी एकट्या मुलीचं सांगत नाही. वस्तीवरच्या मुलीला घराबाहेर पडायला कॉलेज हे एकच सर्वमान्य कारण असतं. त्या एका कारणाच्या आधारावर ती एसटीत बसते, दुसऱ्या गावच्या मुलींशी मैत्री करते, ग्रंथालयात पेपर वाचते, स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरते, बँकेत स्वतःचं खातं उघडते, मुलांशी वाद घालायला शिकते. लेक्चर हा त्यातला एक भाग. आपण ‘घरबसल्या शिका’ अशी पाटी लावली की ते कारण आपणच तिच्या हातून काढून घेतो, आणि घरात बसलेल्या मुलीच्या अभ्यासाच्या वेळेवर धुणं, भांडी, लहान भावंडं आणि येणारे-जाणारे पाहुणे या सगळ्यांचा हक्क आधी लागतो. ज्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावात सावित्रीबाई जन्मल्या, तिथून काही तासांच्या अंतरावर आपण हे होऊ द्यावं का? उच्च शिक्षणातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारनं २०२४-२५ पासून माफ केलं, ते मुली बाहेर पडाव्यात म्हणूनच ना? मग एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं परत घ्यायला नको.

माझ्या विषयाचं उदाहरण देते. पहिल्या वर्षाचं साधं टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब अल्क सोडून आम्लाचं प्रमाण मोजायचं. वर ब्यूरेटमध्ये, म्हणजे तोटीच्या काचनळीत, सोडियम हायड्रॉक्साइड हे अल्क, खाली कॉनिकल फ्लास्कमध्ये आम्ल, त्यात फिनॉल्फ्थॅलीन या रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब. डाव्या हातानं ब्यूरेटची तोटी धरायची, उजव्या हातानं फ्लास्क गोल हलवत राहायचा. थेंब पडतो तिथं गुलाबी ठिपका येतो आणि हलवला की विरतो. हळूहळू तो विरायला वेळ लागायला लागतो. हात आवरायचा तो तिथं. एक थेंब सोडायचा, हलवायचं, बघायचं. आणि मग एका थेंबानं सगळं द्रावण फिकट गुलाबी होतं आणि तसंच राहतं. नवखी मुलं हमखास पुढं जातात, द्रावण गडद होतं, आणि फ्लास्क धुऊन पुन्हा पहिल्यापासून. दोन रीडिंग जुळेपर्यंत हेच. डोळा द्रावणाच्या पातळीला आणला नाही तर रीडिंगमध्ये दशांशाचा फरक पडतो, आणि शेजारच्याचं रीडिंग उतरवलं तर मला ते लगेच कळतं, कारण त्याच्या फ्लास्कमधला रंग वेगळाच असतो. या प्रयोगाचे सुंदर व्हिडिओ आहेत. मी ते दाखवतेसुद्धा. व्हिडिओ पाहून आलेली मुलं चुका कमी करतात, हेही खरं. पण हात कुठं आवरायचा ते व्हिडिओतून हातात येत नाही. आमची मुलं पुढं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घटकांचं प्रमाण) आणि पीएच काढायला लागतात, कुणी कुरकुंभला, कुणी लोट्याला केमिकल कंपनीत जातं. तिथं त्यांचा पगार या आवरलेल्या हाताचा असतो.

मग व्हिडिओनं काय करावं? माझं तास घेण्यातलं निम्मं काम करावं. तीच व्याख्या, तीच सूत्रं, तोच फळ्यावरचा आराखडा मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. ते रेकॉर्ड होऊन मुलांच्या हाती आधीच गेलं, कमी डेटात डाउनलोड करून ठेवता आलं, न कळलेलं दहादा ऐकता आलं, तर वर्गातला वेळ मला मुलांच्या शंकांना, गणितं सोडवून घ्यायला, लिहून घ्यायला देता येईल. हे मला मनापासून हवंय. पण ते आमच्या भाषेत, आमच्या भागातलं हवं. ‘स्वयम’वरचा मोठा साठा इंग्रजीत आहे आणि तो ज्याच्यासाठी केलाय तो विद्यार्थी आमच्या वर्गात बसलेला नाही. तासगाव-कवठेमहांकाळकडच्या पोरांनी बेदाण्यासाठी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीवर टाकताना लहानपणापासून पाहिलेली असतात. अल्क द्रावण द्राक्षाच्या सालीवरच्या मेणाच्या थराचं काय करतं, मग पाणी लवकर का उडतं, तिथून आम्ल-अल्कांचा धडा सुरू केला की शेवटच्या बाकापर्यंत मान वर होते. असे धडे या तीन जिल्ह्यांतल्या शिक्षकांकडून तयार करून घ्यायला विद्यापीठाला कुणाची परवानगी लागत नाही.

आता त्या गोष्टीकडं येते जी बैठकांत दबक्या आवाजात बोलली जाते. अनुदानित महाविद्यालयात शिक्षकाची जागा मंजूर होते ती वर्कलोडवर. सहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापनाचे. विषयाचे तास भरले तर जागा, नाही भरले तर शिक्षक अतिरिक्त. उद्या ४० टक्क्यांपर्यंतचे विषय बाहेरच्या ऑनलाइन कोर्सवर गेले आणि ते तास वेळापत्रकातून उडाले, तर निवृत्त होणाऱ्याची जागा भरायचं कारणच उरत नाही. आधीच ग्रामीण महाविद्यालयं तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या जिवावर चाललीत. नेट-सेट, पीएच. डी. झालेली पस्तिशीतली माणसं दोन-दोन कॉलेजांत तास घेऊन घर चालवतात. पहिला घाव त्यांच्यावर बसेल. वास्तविक २०१६ च्या यूजीसी नियमावलीतच म्हटलं होतं की अशा प्रत्येक कोर्ससाठी संस्थेनं मार्गदर्शक प्राध्यापक नेमावा आणि त्यानं मुलांना कोर्सभर मार्गदर्शन करावं. आमच्याकडं तो नियम कागदावरून खाली उतरलेला मी तरी पाहिला नाही. शासनानं त्यासाठी स्वच्छ शब्दांत निर्णय काढावा: ऑनलाइन कोर्समुळं वर्कलोड कमी धरला जाणार नाही, मार्गदर्शनाचे तास त्यात मोजले जातील. हा निर्णय आधी, कोर्स नंतर. शिक्षक कमी करून झालेली बचत म्हणजे ऑनलाइन शिक्षणाचं यश, असा हिशेब कुणी मांडत असेल तर त्याला विद्यापीठाच्या अधिसभेत उभं राहून विरोध झाला पाहिजे.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं व्हावं त्यांच्याबद्दल. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातल्या हजारो घरांतली माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. दुष्काळानं बाहेर काढलेल्या या लोकांनी देशाच्या कानाकोपऱ्यांत सोनं-चांदी गाळण्याची दुकानं टाकली. दहावी किंवा बारावी झाली की पोरगा मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानी जातो. केरळात, तामिळनाडूत, उत्तरेत, कुठंही. भट्टीपाशी बसतो, आम्लांच्या वाफा अंगावर घेतो, ॲक्वा रेजिया, सोनं विरघळवणारं आम्लांचं मिश्रण, म्हणजे काय हे माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं. दोन भाषा नव्यानं शिकतो, हिशेब ठेवतो, जीएसटीची बिलं करतो. आणि पन्नाशीत गावी परततो तेव्हाही कागदावर बारावी पासच असतो. या मुलाला बी. कॉम. करायची संधी दुकानातून, रात्री, आपल्या भाषेत मिळाली तर? ऑनलाइन शिक्षण त्याच्यासाठी आहे. त्याच्यापाशी मोबाईल आहे, पैसे आहेत, शिकायची गरज रोज समोर उभी आहे. नाही ते फक्त त्याला दारात घेणारं विद्यापीठ.

साताऱ्याकडं बघा. मिलिटरी अपशिंगे म्हणून ओळखलं जाणारं गाव आणि माण-खटावच्या कितीतरी गावांतून पिढ्यान् पिढ्या पोरं फौजेत गेली. २०२२ पासून अग्निवीर म्हणून भरती होते. चार वर्षांनी त्यातले फार तर २५ टक्के कायम होणार. म्हणजे चारातले तीन तरुण ऐन बाविशी-तेविशीत गावी परतणार, हातात थोडे पैसे आणि बारावीचं सर्टिफिकेट. सीमेवरच्या चौकीत असतानाच त्यांची पदवी चालू ठेवायची व्यवस्था या जिल्ह्याच्या विद्यापीठानं करायची नाही तर कुणी? पाटण-जावळीतून नवी मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून गेलेल्यांची तरुण मुलं आहेत. आणि दुसऱ्या वर्षाला असताना लग्न होऊन गेलेल्या मुली आहेत, ज्यांची नावं आमच्या मस्टरवर काही महिने तशीच राहतात. मूल शाळेत जायला लागलं की त्यातल्या काही जणी विचारतात, “मॅडम, आता पुढचं करता येईल का हो?” आजवर त्यांना सांगायला माझ्याकडं फारसं काही नसतं. कॉलेजात येणाऱ्या मुलीला घरी बसवणारं ऑनलाइन मला नको. घरात अडकलेल्या बाईला पुन्हा वहीपाशी आणणारं हवंय.

या लोकांना नुसता लॉगिन आयडी देऊन चालणार नाही, हे महाराष्ट्राला पूर्वीच उमगलेलं आहे. १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ निघालं, देवराष्ट्र्यात जन्मलेल्या यशवंतरावांच्या नावानं. पुस्तकं घरी आली, पण त्याबरोबर जवळच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र मिळालं, सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्रं झाली, शंका विचारायला समंत्रक मिळाले. जिथं केंद्र नीट चाललं तिथं कंडक्टर, पोलीस, अंगणवाडी सेविका पदवीधर झाल्या. जिथं केंद्र म्हणजे फॉर्म भरायची खिडकी झाली तिथं पदवी नावाला राहिली. त्याच्याही पूर्वी, १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढल्यावर कर्मवीरांनी १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू केलं. साताऱ्यात शाळा होत्या. खेड्यातल्या गरीब पोराला शाळेपाशी राहायला, जेवायला, बरोबरीच्या पोरांत बसून अभ्यास करायला जागा नव्हती. ती जागा उभी करायला लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवली, एका कंदिलाखाली वाचत बसली, म्हणून शिकली. आजच्या ऑनलाइन विद्यार्थ्यालाही अशी जागा लागणार आहे.

आणि जागा आहेत. प्रत्येक तालुक्याला महाविद्यालय आहे, त्याचं ग्रंथालय आणि कॉम्प्युटर लॅब संध्याकाळी पाचनंतर आणि रविवारी कुलूपबंद असते. तिथं इन्व्हर्टर बसवावा, चांगली जोडणी घ्यावी, रात्री नऊपर्यंत एक माणूस पगारावर ठेवावा, आठवड्यातून एकदा त्या-त्या विषयाचा शिक्षक बसावा. ज्या मुलीच्या मळ्यात वीज नाही तिनं तिथं बसावं, आणि तिच्या परतीच्या गाडीची वेळ बघून ते केंद्र चालावं, उलट नाही. सुरुवात बी. ए., बी. कॉम.पासून करावी. प्रयोगशाळेच्या विषयांत व्हिडिओ जरूर यावेत, प्रॅक्टिकलचा एक तासही कमी होऊ नये. नियमित वर्गातल्या मुलांना ऑनलाइन कोर्स द्यायचे तर जे विषय आमच्याकडं शिकवायला माणूसच नाही ते द्यावेत: संख्याशास्त्र, जर्मन भाषा, डेटा सायन्स. जे विषय शिकवायला माणूस आहे तिथं त्याच्या तासावर डल्ला मारू नये.

परीक्षेचाही विचार याच लोकांच्या सोयीनं करायला लागेल. गलाईवाला मुलगा दिवाळीला आणि गावच्या यात्रेला घरी येतो. त्याच्या परीक्षा त्या सुमारास ठेवता येतील किंवा तो असेल त्या राज्यात केंद्र देता येईल. जवानाची सुट्टी युनिट ठरवतं, तेव्हा त्याला सेमिस्टर चुकलं तर पुढच्या वेळी विनादंड बसू द्यावं. क्रेडिट साठवायची बँक २०२१ पासून आहेच, ती यासाठीच वापरावी. उत्तरं मात्र हातानं लिहायची आणि निदान एक परीक्षा समोर बसून तोंडी व्हायची.

विद्यापीठ दरवर्षी प्रवेशाचे आकडे मांडतं. ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू होतील तेव्हा त्या तक्त्यात दोन रकाने वाढवावेत, अशी माझी मागणी आहे. प्रवेश घेतलेल्यांपैकी आधी कुठल्याच कॉलेजात नाव नसलेले किती, आणि नियमित वर्ग सोडून ऑनलाइनकडं वळलेल्या मुली किती. हे दोन्ही आकडे तालुकावार छापावेत. जत, आटपाडी, माण, पाटण इथं पहिला आकडा दरवर्षी वाढायला हवा. दुसरा वाढताना दिसला तर त्याच वर्षी तो अभ्यासक्रम थांबवून त्या मुलींच्या घरी जायला हवं.